खापरं नाहीत, भिंती नाहीत. मग हा मठ होता हे ठरवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातून पुरातत्त्वात एम.ए. करून तुम्ही आयर्लंडच्या मध्य भागात, एका सुरुवातीच्या मध्ययुगीन मठाच्या जागेवर प्रशिक्षणासाठी खोदायला आला आहात. चर्चचे पडके अवशेष आणि दफनभूमी वर टेकाडावर आहेत, आणि खोदणं चाललंय ते खालच्या कुरणात. आतापर्यंत हाती लागलं ते गुरांची हाडं, लोखंडाची मळी (लोखंड गाळताना उरणारा टाकाऊ भाग), कोळसा आणि गडद मातीचा एक लांबलचक पट्टा. खापर एकही नाही. संचालक मात्र समाधानी आहेत. तुम्ही विचारलंय की चर्चजवळ का खोदत नाहीत, हा मठच होता हे कशावरून म्हणायचं, खापरांवाचून काळ कसा ठरवायचा, आणि पुढच्या उन्हाळ्यात दुसरी, 'बऱ्यापैकी काही निघणारी' जागा शोधावी का.

मी बरीच वर्षं आयर्लंडमध्ये याच काळाच्या जागांवर काम करतो आहे आणि माझंही पहिलं शिक्षण महाराष्ट्रातल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवर झालं. त्यामुळे तुमची अडचण नेमकी कुठे आहे ते मला कळतं. तुमचे चारही प्रश्न एकाच प्रश्नातून निघतात: पुरावा साठतो कुठे? आपण शिकलो त्या जागांवर तो वस्तीच्या पोटातच साठलेला असतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या जुन्या वस्तीत घरं पडली, त्यांच्या मातीवर नवी उभी राहिली, पांढरी चढत गेली आणि थरावर थर जमले. आयर्लंडमध्ये इसवी सन ५०० ते ११०० या काळात असं सहसा झालं नाही. घरं कुडाची, काही वर्षांत कुजणारी. जुनं घर सोडलं की नवं शेजारी उभं राहायचं. केरकचरा शेतात खत म्हणून जायचा नाहीतर खंदकात. पुढे हजारभर वर्षं त्याच जमिनीवरून नांगर फिरला. त्यामुळे चालण्या-वावरण्याची जमीन बहुतेक ठिकाणी गेलेलीच असते. उरतं ते फक्त जमिनीत खोल कोरलेलं: खंदक, खड्डे, खांबांचे खळगे, भट्ट्या, धान्य वाळवायच्या चुली, पाणचक्कीचे पाट. तुम्हाला जो गडद पट्टा कंटाळवाणा वाटतोय, तो तुमच्या जागेवरचा सगळ्यात मोलाचा ऐवज असण्याची शक्यता खूप आहे.

आधी चर्चचं बघू. आज जे दगडी चर्च उभं दिसतं ते बहुतेक वेळा तुम्ही शोधताय त्या काळाचं नसतंच. चुन्यात बांधलेली दगडी चर्चेस इथे मुख्यतः १०व्या शतकापासून पुढची. शॅनन नदीकाठच्या क्लोनमॅकनॉइज या मोठ्या मठाचं कॅथेड्रल ९०९ सालचं, म्हणजे मठ स्थापन होऊन साडेतीनशे वर्षं उलटल्यावरचं. त्याआधीची चर्चेस लाकडी होती. केरीमधल्या व्हॅलेन्शियाजवळच्या चर्च आयलंडवर एम. जे. ओ'केली यांनी १९५५-५६ मध्ये खोदलं, तेव्हा दगडी प्रार्थनागृहाच्या खाली आधीच्या लाकडी प्रार्थनागृहाच्या खांबांचे खळगे मिळाले. तिथे ते मिळाले याचं कारण जागा छोटी होती आणि पुढे फारशी उकरली गेली नव्हती. तुमच्या टेकाडावर बहुधा तसं नाही. चर्चभोवती लोक शतकानुशतकं पुरले जातात, प्रत्येक नवी कबर आधीच्या चार कबरी आणि दोन खळगे कापते. तिथे दोन बाय दोन मीटरचा खड्डा घेतला तर माणसांच्या हाडांचा गुंता मिळेल आणि उत्तर एकाही प्रश्नाचं मिळणार नाही.

दुसरं कारण माणसांचं आहे, आणि माझ्या दृष्टीने ते पहिल्यापेक्षा कमी नाही. अनेक जुन्या मठांच्या दफनभूमी आजही वापरात आहेत. शिवाय ओसाड पडलेल्या जुन्या धार्मिक जागांमध्ये, बाप्तिस्मा होण्याआधी गेलेली बाळं पुरायची चाल इथे पार २०व्या शतकापर्यंत होती, कारण चर्चच्या पवित्र जमिनीत त्यांना जागा मिळत नसे. अशा जागेला किलीन म्हणतात. केरीतल्या रीस्क आणि इलॉनलॉहन या दोन्ही प्रसिद्ध उत्खननांत अशी बाळांची दफनं आढळली. त्यावर नावं नसतात, फार तर एक ओबडधोबड दगड असतो. पण गावातल्या म्हाताऱ्या माणसांना कुणाचं मूल कुठे आहे ते माहीत असतं. आपण तिथे परगावचे, परदेशातले. परवाना कागदावर मिळाला तरी गावाने मनापासून हो म्हटल्याखेरीज अशा जागेवर थापी लावू नये, असं माझं ठाम मत आहे. कबरी खोदायला सबळ कारण हवं. समुद्र किनारा खात असेल, तर ते कारण आहे. स्लायगोच्या किनाऱ्यापलीकडच्या इनिशमरे बेटावर लाटांनी धोक्यात आलेल्या जागा खोदाव्या लागल्या, ते असंच काम होतं. नुसती उत्सुकता हे कारण नाही.

आता त्या गडद पट्ट्याकडे. तो वळतोय का, एवढं आधी बघा. कुरणाच्या कुंपणाची झाडी, शेजारची वाट, ओढ्याची कड यांपैकी काही त्याच वळणावर जातंय का? १८३० च्या दशकातले ऑर्डनन्स सर्व्हेचे (सरकारी भूमापनाचे) सहा इंची नकाशे काढा. मठाचं गोल आवार नाहीसं झालं तरी शेतांच्या बांधांत त्याची कमान टिकून राहते. आर्मा आणि केल्स या गावांत तर रस्तेच त्या कमानीवरून वळतात. लिओ स्वॉन यांनी विमानातून काढलेल्या फोटोंवरून अशी कितीतरी आवारं ओळखली. आकारही बोलतो: साध्या शेतकऱ्याच्या रिंगफोर्टचा, म्हणजे गोल बांध-खंदकाने वेढलेल्या घराच्या आवाराचा, व्यास साधारण ३० मीटर, तर चर्चचं आवार बहुतेकदा त्याच्या तिप्पट-चौपट. ८व्या शतकाच्या सुरुवातीला संकलित झालेल्या आयरिश धर्मनियमांत पवित्र, अधिक पवित्र आणि परमपवित्र अशी एकात एक क्षेत्रं सांगितली आहेत. आतल्या क्षेत्रात धर्माधिकारी, मधल्यात फारसं पाप न केलेले सामान्य लोक, आणि बाहेरच्यात कुणालाही प्रवेश. नेंड्रमच्या मठाला तीन समकेंद्री तटभिंती आजही दिसतात. म्हणजे तुमचं कुरण 'मठाबाहेर' नाही. ते मठाचंच बाहेरचं वर्तुळ असू शकतं, आणि काम, स्वयंपाक, लोहारकी, धान्य, गुरं हे सगळं तिथेच चालायचं.

पट्ट्यात आडवा छेद घेतला असेल, तर हलकी सर पडून गेल्यावर लगेच त्याच्या उभ्या बाजूपुढे जाऊन बसा. माती ओलसर असते तेव्हाच रंग सुटे दिसतात. सुकली की सगळं एकसारखं राखाडी. सगळ्यात खाली, मूळच्या पिवळसर चिकणमातीला चिकटून, बोटभर जाडीचा बारीक करडा गाळ असेल. खंदक खणल्यावर पहिल्या एक-दोन हिवाळ्यांत कडा झिजून तो तळाशी बसतो. त्यावर एका बाजूने घसरत आलेली दगडमाती दिसेल. ती आतल्या बाजूने आली असेल तर बांध आत होता, आणि मठाच्या आवाराला तेच शोभतं. मग काळपट, हाताला तेलकट लागणारा भर येतो, त्यात हाडं, कोळसा, मळी. हा उकिरडा. आणि सगळ्यांत वर नांगराची तपकिरी माती. आता नीट बघा, त्या काळपट भराला कापत खाली उतरणारी एखादी तिरकी रेघ दिसते का? दिसली तर खंदक मधे भरला आणि कुणीतरी तो पुन्हा उपसला. म्हणजे आवाराची हद्द पुढच्या पिढ्यांनाही महत्त्वाची होती. एका छेदात एवढं वाचता येतं. संचालक समाधानी का आहेत ते यावरून लक्षात येईल.

मठ की साधी वस्ती, हा तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि इथल्या अभ्यासकांतही त्यावर वाद आहेत. रस्त्यांच्या कामांमुळे गेल्या काही दशकांत जी उत्खननं झाली त्यांनी हे चित्र आणखी गुंतागुंतीचं केलं. मीद परगण्यातलं रेजटाउन घ्या: खंदकांनी वेढलेली दफनभूमी, भोवती शेती, एकामागून एक बांधलेल्या पाणचक्क्या. पण चर्चचा मागमूस नाही आणि कुठल्याही ग्रंथात नोंद नाही. अशा जागेला मठ म्हणता येत नाही. उलट बाजूने, दफनभूमीत बायका-मुलं सापडली म्हणून मठ नव्हता, असंही म्हणता येत नाही. मठाची जमीन कसणारी कुळं असत, ती बायकापोरांसह तिथेच राहत आणि मठाच्याच भूमीत पुरली जात. शिवाय एखाद्या घराण्याने स्वतःच्या जमिनीवर बांधलेली छोटी चर्चेसही होती. तिथे एक धर्मगुरू असेल, भिक्षूंचा समुदाय नसेल. खोदून 'ही धार्मिक जागा होती' असं बऱ्याचदा म्हणता येतं. 'इथे भिक्षू राहत होते' हे म्हणायला बहुधा ग्रंथांची साथ लागते.

धार्मिक जागेच्या भक्कम खुणा कोणत्या? कोरीव क्रूस असलेली शिळा. पूर्व-पश्चिम, डोकं पश्चिमेला, उताणं आणि वस्तूंशिवाय पुरणं; पण हे एकटं पुरत नाही, कारण त्या काळात ते सर्रास होतं. अवशेषपूजेची रचना असेल तर प्रश्नच मिटतो. इलॉनलॉहन हे अगदी चिमुकलं बेट. तिथे क्लेअर वॉल्श आणि जेनी व्हाइट मार्शल यांनी १९९०च्या दशकात खोदलं. दोन तिरक्या दगडी फरश्या एकमेकींना टेकवून घराच्या छपरासारखी केलेली समाधी तिथे आहे. तिच्याखाली छोट्या दगडी पेट्यांत माणसांची हाडं होती आणि सोबत स्कॅलपचे शिंपले, पांढरे गारगोटे. ही मूळ दफनं नव्हती. आधी दुसरीकडे पुरलेल्या, संत मानलेल्या माणसांची हाडं काढून मानाने तिथे आणून ठेवली होती.

तुमच्या मळीकडेही याच नजरेने बघा. लोखंड सगळीकडेच गाळलं जायचं, त्यामुळे नुसत्या मळीवरून मठ सिद्ध होत नाही. पण वेस्टमीदमधल्या क्लोनफॅड इथे महामार्गाच्या कामाआधी खोदलं तेव्हा लोहारकामाच्या कचऱ्यात भाजलेल्या मातीचे तुकडे मिळाले, ते हातघंटा बनवताना वापरलेल्या वेष्टनाचे निघाले. लोखंडी पत्रा दुमडून, रिबिटं मारून घंटा करायची, तिच्यावर काशाचे तुकडे ठेवायचे, गवत मिसळलेल्या मातीत सगळी गुंडाळायची आणि भट्टीत तापवायची. आत कासं वितळून पत्र्यावर पसरतं, सांध्यांत शिरतं. कल्हईच्या जातीचंच काम, फक्त सगळं बंद मातीच्या आत. थंड झाल्यावर माती फोडून टाकायची. फोडलेले हे तुकडे हातात घेतले तर बाहेरून लालसर, आत राखाडी आणि आतल्या पृष्ठभागावर क्वचित हिरवट डाग. बहुतेक खोदणारे ते भट्टीची माती म्हणून बाजूला टाकतील. पण अशी घंटा ही चर्चची वस्तू. सेंट पॅट्रिकची म्हणून मानलेली, डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातली घंटा याच पद्धतीची आहे. म्हणून तुमच्या ढिगातल्या भाजलेल्या मातीच्या प्रत्येक तुकड्याची आतली बाजू धुऊन बघा. मुशीचे तुकडे आणि साचेही त्यातच मिळतात.

एक सावधगिरी. तुम्ही लिहिलंय की खंदकात वासरांची हाडं बरीच आहेत, 'म्हणजे चर्मपत्रं करत असतील का?' असू शकेल, पण दुधासाठी गाई पाळणारेही कोवळी वासरं मारतात. चर्मपत्राच्या कामासाठी आणखी काही लागतं. स्कॉटलंडच्या पोर्टमाहोमॅक इथे मार्टिन कार्व्हर यांच्या उत्खननात दगडी कुंड, कातडं ताणायच्या हाडाच्या खुंट्या, घासायचे गोटे हे सगळं एका जागी मिळालं तेव्हा ते विधान उभं राहिलं. तुमच्याकडे फक्त हाडं आहेत तोवर वहीत 'वासरांची हाडं' एवढंच लिहा.

आता काळ. आपल्याकडे जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचं एक खापर हातात आलं की काळाचा अंदाज बांधता येतो. ती सवय इथे उपयोगी पडत नाही. या काळात आयर्लंडचा बराचसा भाग मातीची भांडी करतच नव्हता. लाकडी, चामडी, लोखंडी भांडी वापरायचा. ईशान्येला ८व्या शतकाच्या आसपासपासून एक प्रकारची जाडीभरडी मातीची भांडी मिळतात, तुमच्या मध्य भागात ती अपेक्षित नाहीत. परदेशातून आलेली खापरं अधूनमधून मिळतात: भूमध्य सागराच्या पूर्वेकडून आलेल्या रांजणांचे तुकडे, जसे रीस्कला टॉम फॅनिंग यांना मिळाले, किंवा पश्चिम फ्रान्समधून ६व्या-७व्या शतकांत आलेली 'ई' प्रकारची भांडी. असं एक खापर मिळालं तर भाग्य. नाणी इथे पाडली जाऊ लागली ती १०व्या शतकाच्या अखेरीस, डब्लिनात. म्हणून सगळी भिस्त कार्बन-१४ वर (कोळसा, हाडं यांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढायच्या पद्धतीवर) आणि नशीब असेल तर लाकडाच्या वर्तुळांवर.

कार्बन-१४ साठी नमुना निवडताना बरीच पथकं घाई करतात. माझा क्रम असा. ओकचा कोळसा शक्यतो पाठवत नाही, कारण झाड दोनशे वर्षांचं असेल तर गाभ्याचा कोळसा आगीपेक्षा दोनशे वर्षं जुना दिसतो. हेझेल या झुडपाच्या काड्या, त्याच्या फळांच्या कवचाचे तुकडे, जळालेलं धान्य घेतो; ज्याचं आयुष्य एक-दोन वर्षांचं, ते. हाड असेल तर सांध्यासह सलग मिळालेलं, म्हणजे मांस-स्नायू असतानाच खंदकात पडलेलं. सुटं हाड जुन्या थरातून उकरून आलेलं असू शकतं. एकेकट्या दाण्यावर विश्वास नाही, गांडुळं आणि उंदीर ते खाली नेतात. एकाच थरातून किमान दोन नमुने. किनाऱ्यावरच्या किंवा बेटावरच्या माणसांची हाडं असतील तर त्यांच्या आहारातल्या माशांमुळे काळ खरा असतो त्यापेक्षा जुना येतो, त्याची दुरुस्ती लागते. आणि ५व्या-६व्या शतकांच्या आसपास, तसंच पुन्हा ८व्या-९व्या शतकांत, कार्बनच्या मोजमापावरून खरं वर्ष काढायचा आलेख जवळजवळ सपाट आहे. तिथे प्रयोगशाळा कितीही काटेकोर असली तरी उत्तर दीडशे-दोनशे वर्षांच्या पट्ट्यातच येणार. त्यावर उपाय एकच: खालचा गाळ, मधला उकिरडा, नंतरचा उपसा असा वरखाली क्रम पक्का ठाऊक असलेले नमुने एकत्र तपासायचे, म्हणजे क्रमामुळे प्रत्येकाची मर्यादा आकुंचते. हे करायचं तर तुमचा छेद आणि नोंदी नेमक्या हव्यात.

वस्तू मिळाली पण तिचा संदर्भ गेला तर काय होतं, याचं एक उदाहरण. १९८० मध्ये टिपेररीतल्या डेरिनाफ्लान या, दलदलीतल्या मठाच्या आवारात, धातुशोधक यंत्राने चांदीचा चषक, ताटली, गाळणी असा अप्रतिम ऐवज सापडला. वस्तू वाचल्या आणि त्यावरून १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि कायद्यातली कडक बंदीही आली. पण तो ऐवज कोणत्या खड्ड्यात, कोणत्या मातीखाली, कुठल्या इमारतीजवळ पुरला होता हे त्या क्षणी कुणी टिपलं नाही, आणि ते परत मिळत नाही. म्हणून तुमचे संचालक जागेचा नकाशा समाजमाध्यमांवर टाकू नका म्हणत असतील तर ते रास्त आहे.

लाकूड मिळालं तर गोष्ट वेगळी. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात तयार झालेली आयरिश ओकची वर्तुळमालिका हजारो वर्षं मागे जाते, आणि सालीखालचं शेवटचं वर्तुळ शाबूत असेल तर झाड तोडल्याचं वर्षच मिळतं. क्लोनमॅकनॉइजला शॅनन नदीच्या तळाशी पाणबुड्यांनी शोधलेल्या लाकडी पुलाचा काळ इसवी सन ८०४ असा निघाला. एवढा मोठा पूल बांधणारा मठ म्हणजे माणसं, ओकची जंगलं आणि सुतार यांच्यावर हुकूमत असलेलं केंद्र; हे टेकाडावरच्या चर्चमधून कळलं नसतं. तुमच्या खंदकाचा तळ पाण्यात असेल आणि त्यातून लाकूड निघालं, तर ते ओलंच ठेवा, ब्रश अजिबात लावू नका, आणि बाहेरचा फिकट, मऊ भाग सोलू नका. पहिल्यांदा तोच झडतो, आणि वर्ष ठरवायला नेमका तोच लागतो.

इथवर तीन प्रश्न झाले: चर्चभोवती पुरावा चाळवलेला आहे आणि कुरणात तो खंदकात बंद आहे; मठपणाची खूण एका वस्तूत नसते, आवार, दफनं, कारागिरी आणि ग्रंथ यांच्या जोडणीत असते; काळ थरांच्या क्रमातून निघतो. आता खोदण्याच्या पद्धतीबद्दल, कारण तुम्ही 'इथे चौरसांचं जाळं आखत नाहीत, सगळं एकदम उघडतात' असं आश्चर्याने लिहिलंय.

आपल्याकडची चौरसांची आणि मधल्या उभ्या मातीच्या बांधांची पद्धत मॉर्टिमर व्हीलर यांनी रुजवली. १९४४ पासून ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते आणि तक्षशिलेला त्यांनी प्रशिक्षण वर्ग भरवला. कित्येक मीटर खोल पांढरीत ती पद्धत योग्यच आहे, कारण उभा छेद सगळं सांगतो. तुमच्या कुरणात मात्र नांगराच्या मातीखाली एक हातभर खोलीवर मूळ जमीन लागते. घर म्हणजे खळग्यांचं एक तुटक वर्तुळ. मधे एक मीटर रुंदीचे बांध सोडले तर वर्तुळ ओळखूच येत नाही. म्हणून मोठा भाग उघडायचा, थापीने मागे मागे सरकत पृष्ठभाग हलक्या हाताने साफ करायचा, स्वतःच साफ केलेल्या भागावर पाय न देता. मग प्रत्येक खळगा, प्रत्येक भर वेगळा क्रमांक देऊन ज्या क्रमाने साचला त्याच्या उलट क्रमाने काढायचा, आणि कोण कुणाला कापतं याची सारणी रोजच्या रोज पुरी करायची. संध्याकाळी ती सारणी बसली नाही तर दुसऱ्या दिवशी खोदणं थांबवून ती बसवावी, हा माझ्या पथकात नियम आहे.

याच संदर्भात डाउन परगण्यातलं नेंड्रम लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९२२ ते १९२४ मध्ये एच. सी. लॉलर यांनी ते खोदलं, त्या काळच्या पद्धतीने, भिंतींचा माग काढत, आणि भिंती पुन्हा रचल्या. एका इमारतीत कोरीवकामाच्या सरावाच्या पाट्या आणि लेखण्या मिळाल्या म्हणून तिला शाळा म्हटलं गेलं. ती शाळा होती का, हे आज तपासणं कठीण आहे, कारण थर गेले आणि भिंती नव्या रचल्या. पण त्याच बेटाच्या किनाऱ्यावरच्या चिखलात, मठाच्या कडेला, कुणाचं लक्ष गेलं नव्हतं तिथे १९९९ पासून झालेल्या उत्खननात भरतीच्या पाण्यावर चालणारी गिरणी निघाली. तिच्या लाकडांवरून पहिल्या गिरणीचा काळ इसवी सन ६१९ च्या सुमाराचा, आणि नंतरच्या गिरणीचा ७८९ चा. ७व्या शतकात समुद्राची भरती बांध घालून अडवून धान्य दळणारा समुदाय म्हणजे काय, हे तटभिंतींच्या आतल्या खोदकामातून कधीच कळलं नव्हतं.

ग्रंथांबद्दल एक इशारा. आयरिश बखरींमध्ये मठांचे महंत कधी वारले, मठ कुणी लुटला, कधी जळला यांच्या सालवार नोंदी आहेत. खंदकात जळका थर दिसला की ७९५ नंतरचे व्हायकिंग, म्हणजे समुद्रावरून आलेले लुटारू, आठवण्याचा मोह होतो. पण आयरिश राजेही मठ जाळत. ८३३ मध्ये मन्स्टरचा राजा फेडलिमिड याने क्लोनमॅकनॉइजची माणसं मारली आणि चर्चच्या दारापर्यंत जमीन जाळली, अशी नोंद आहे. आणि कुडाच्या घराला आग लागायला कुणी शत्रू लागत नाही. जळक्या थराला आधी स्वतःचा काळ मिळू द्या, बखर नंतर उघडा.

मी सांगितलेलं सगळं तुमच्या मातीवर अवलंबून आहे, हेही खरं. चुनखडकावर हाड टिकतं, आम्ल मातीत विरघळतं. तुमच्याकडे हाडं भरपूर आहेत, म्हणजे माती साथ देतेय. चुंबकीय सर्वेक्षण चुनखडकावर छान चालतं, पण अँट्रिमच्या बेसाल्टवर तीच अडचण येते जी दख्खनच्या काळ्या पाषाणावर येते. परवान्यात किती क्षेत्र उघडायची मुभा आहे, तेही बघावं लागतं. इथे तो परवाना संस्थेला नाही, संचालकाला व्यक्तिशः मिळतो, त्यामुळे त्यांच्या सावधपणाचा अर्थ नकारात्मक घेऊ नका.

आता शेवटचा प्रश्न. दुसरी जागा शोधू नका. उलट संचालकांना विचारा की पाण्यात माती ढवळून वर तरंगणारं धान्य-कोळसा वेगळं करायच्या कामावर आठवडाभर बसवाल का. बहुतेक विद्यार्थी ते टाळतात, त्यामुळे जागा मिळेल. तुमच्या खंदकाच्या तळाच्या गाळातून निघालेले धान्याचे दाणे कोणत्या थरातले, ते चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून पिशवीच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे ठेवा. ओलाव्यात शाई पसरते. स्कॉटलंडच्या आयोना बेटावर १९५७ मध्ये चार्ल्स थॉमस यांनी एका छोट्या टेकडीवरच्या झोपडीतून हेझेलचा कोळसा काढला होता. तिथला मठ स्थापन करणारे संत कोलंबा त्या झोपडीत लिहीत बसत, असं मानलं जायचं, पण पुरावा नव्हता आणि कार्बन-१४ तेव्हा नुकतंच हाती आलेलं तंत्र होतं. तो कोळसा कॉर्नवॉलमधल्या थॉमस यांच्या गॅरेजमध्ये जपून ठेवलेला होता. साठ वर्षांनी ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तो तपासला आणि काळ आला इसवी सन ५४० ते ६५० च्या दरम्यानचा. कोलंबा ५९७ मध्ये वारले. नोंद आणि चिठ्ठी शाबूत होती म्हणूनच हे जमलं. तुमच्या पेट्याही कुणीतरी पुढच्या पिढीत उघडणार आहे. तोवर या हंगामात जे काढलंय त्याच्या याद्या पुऱ्या करा, आणि छेदाचं रेखाटन संचालकांना दाखवून त्यांची सही घ्या. त्यात काही शंका आली तर छेदाचा फोटो आणि रेखाटन दोन्ही पाठवा, मी बघून लिहीन.